आमच्या वाट्याचा बर्फ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिंगोलीत थंडीची चर्चा सुरू झाली की ती कोणत्या प्रश्नावर येऊन थांबणार, हे आता आम्हांस पाठ झाले आहे. सकाळी सातच्या सुमारास चहाच्या टपरीवर चार-पाच मंडळी जमतात. त्यांत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे आणि गेली कित्येक वर्षे ते रोजचे कमाल-किमान तापमान वहीत उतरवीत आले आहेत. एक तरुण मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि वाऱ्यांचे रंगीत नकाशे पाहत रात्री जागवतो. एक गृहस्थ बँकेत आहेत. हवामान हा या मंडळींचा धंदा नव्हे, नाद आहे. आम्ही त्यांत चहाच्या निमित्ताने शिरलो आणि मग ऐकत राहिलो. बोलणे कालच्या किमान तापमानापासून निघते, उत्तरेकडच्या वाऱ्यावर येते, आणि दुसरा कप हातात आला की कोणीतरी विचारतोच, "गुरुजी, आपल्याकडं कधी बर्फ पडंल का हो?"

प्रश्न अर्धवट थट्टेने विचारला जातो. उत्तरे मात्र पूर्ण गांभीर्याने दिली जातात. पुरावे काढले जातात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे जुने आकडे परभणीचेच घ्यावे लागतात. तेथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत जानेवारी २००३ मध्ये पारा तीन अंशांच्या खाली गेला होता आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो पुन्हा तीनच्या आसपास आला. त्याच आठवड्यात नाशिककडे निफाडला तो दोनच्याही खाली होता. "म्हणजे शून्य काही फार लांब नाही," असे बँकवाले म्हणतात. मग महाबळेश्वरचा दाखला येतो. वेण्णा तलावाच्या काठी, गवतावर आणि मोटारींच्या टपांवर दवाचे हिमकण झाल्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत असतात. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब गावाकडूनही अशाच बातम्या येतात. शेवटी दुकानदार तरुण आपले ब्रह्मास्त्र काढतो. अल्जीरियातले ऐन सेफ्रा हे सहारा वाळवंटाच्या दारातले गाव. तेथे डिसेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये लाल वाळूच्या टेकड्यांवर बर्फ पडला. वाळवंटात पडतो, मग कयाधूच्या काठी का नाही?

गुरुजी हे सारे ऐकून घेतात आणि दरवर्षी तेच उत्तर देतात. ते उत्तर आम्हांस इतके आवडते की येथे थोडे विस्ताराने मांडतो.

ऐन सेफ्रा विषुववृत्ताच्या उत्तरेस बत्तीस-तेहेतीस अंशांवर आणि सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. हिंगोली विसाव्या अंशाच्याही अलीकडे आणि साडेचारशे मीटरच्या आसपास. पण उंची आणि अक्षांश हे गणिताचे केवळ अर्धे अंग झाले. दुसरे अर्धे असे, की आमची थंडी जमिनीला चिकटलेली असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडत राहते, तिच्या लगतची हवा गारठते, आणि पहाटे दोनशे-तीनशे मीटर वर गेले तर तेथे खालच्यापेक्षा जास्त ऊब असते. वेधशाळेची तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास टांगलेली असते. ती तीन-चार अंश दाखवीत असताना गवताचे पाते शून्याला टेकलेले असू शकते. वेण्णाकाठचे हिमकण म्हणजे हाच प्रकार. ते वरून पडलेले नसतात, जागच्या जागी गोठलेले असतात. हिम पडायचे तर ढगापासून भुईपर्यंतचा प्रवास त्याला न वितळता करता आला पाहिजे. आमच्याकडे भर हिवाळ्यातही हवेतली शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटर उंचीवर असते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे थंडी आणि ओल आमच्या दारी एकत्र येत नाहीत. थंडी येते ती उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यावर बसून. ढग आले की तेच रात्री पांघरुणासारखे काम करतात आणि पारा चढतो. "थंडी असते तेव्हा ढग नसतो, ढग असतो तेव्हा थंडी नसते. पडणार कसा?" एवढे बोलून गुरुजी कप खाली ठेवतात. मंडळी उठतात. पुढच्या वर्षी प्रश्न पुन्हा विचारला जाणार, हे सर्वांस ठाऊक असते.

आता एवढे स्वच्छ उत्तर मिळूनही जो प्रश्न मरत नाही, तो हवामानाचा प्रश्न नसावा. तो आमच्या, म्हणजे भाषा आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या लोकांच्या प्रांतातला असावा, असा आम्हांस संशय आहे. हिंगोलीच्या माणसाला बर्फ हवा आहे तो कोणता? त्याने तो कोठे पाहिला?

ज्याने सिमला-मनाली गाठलेली नाही त्याने तो पुस्तकात किंवा पडद्यावर पाहिला. आमच्या पिढीतील पुष्कळांनी पहिला बर्फ मॉस्कोहून आलेल्या पुस्तकांत पाहिला. प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची मराठी भाषांतरे लोकवाङ्मय गृहामार्फत अगदी स्वस्तात मिळत. गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रे, आणि त्या चित्रांत घसरगाडीवर बसलेली, कानटोप्या घातलेली मुले. मराठवाड्यातील धाब्याच्या घरात, कंदिलाच्या उजेडात ती पुस्तके वाचणाऱ्या मुलाला बर्फ म्हणजे काय हे कळत होते, आणि तरी कळत नव्हते. कारण त्याच्या अनुभवातला 'बर्फ' वेगळाच होता. तो शब्द फारसीतून आला आणि आमच्याकडे त्याचा अर्थ झाला लादी: लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली, लग्नसराईत आणलेली, टोच्याने फोडलेली. रसवंतीच्या ग्लासातला तुकडा, जत्रेतला लाल-पिवळा गोळा. इंग्रजीत आकाशातून पडणाऱ्याला आणि कारखान्यात गोठवलेल्याला दोन शब्द आहेत; आम्ही दोघांना एकाच नावाने हाकारतो, आणि त्यांतला आमच्या ओळखीचा आहे तो पक्का उन्हाळ्याचा पदार्थ. (१८३३ साली अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजातून कोलकात्यास उतरला, तेव्हापासून या देशातल्या उष्ण गावांची बर्फाशी ओळख ही अशी व्यापारी मार्गानेच वाढली. असो.)

येथे कोणी तो प्रसिद्ध दाखला देईल, की एस्किमोंच्या भाषेत बर्फाला शंभर शब्द आहेत आणि आमच्याकडे एकच. हा दाखला वर्गात देऊ नये, अशी आमची नम्र सूचना आहे. फ्रान्झ बोआस याने १९११ साली चार मूळ शब्दांचे साधे उदाहरण दिले होते. पुढे लोकांनी ते फुगवीत नेले. लॉरा मार्टिन हिने १९८६ मध्ये आणि जेफ्री पुलम याने १९९१ मध्ये त्या फुग्याला टाचणी लावली. शब्दांची संख्या मोजून कोणत्याही भाषेचे अंतरंग हाती लागत नाही. शब्द काय करतात ते पाहावे लागते. मराठीत ऊन लागते, पाऊस पडतो, वारा सुटतो आणि थंडी 'वाजते'. असे क्रियापद ज्या भाषेत आहे तिला थंडीची जाण नाही, असे कोण म्हणेल? 'हिवाळा' या शब्दातच हिम लपलेले आहे. हिमाचे हिंव झाले आणि हिंव म्हणजे बर्फ नव्हे, अंगात भरणारी कापरी. म्हणूनच 'हिवताप'. संस्कृतातले हिम डोंगरावर राहिले. मराठीने ते आपल्या हाडांत उतरवून घेतले. कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहारात हेमंत आणि शिशिर हे दोन स्वतंत्र सर्ग आहेत, मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'शिशिरागम' आहे (१९३९), दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) महिन्यामहिन्याने चालते. ऋतूंची वाङ्मयीन परंपरा आमच्यापाशी नाही असे मुळीच नाही. परंतु या सर्व परंपरेत आकाशातून खरोखर पडणारे, आमच्याच शिवारावर पडणारे गोठलेले पाणी कोठे आहे?

कारण ते पडते. दुकानदार तरुण जे मागतो ते त्याच्या जिल्ह्यात पडते, फक्त हिवाळ्यात नव्हे आणि त्या नावाने नव्हे. त्याचे नाव गार.

हा शब्द मोठा विलक्षण आहे. गार म्हणजे थंड, हे विशेषण. गार म्हणजे आकाशातून पडणारा गोळा, हे नाम. आणि गारगोटीतली गार म्हणजे कठीण दगड. थंडपणा, पडणे आणि आघात हे तिन्ही एका शब्दात बसलेले आहेत. आणि या शब्दाखालची भौतिक घटना त्याहून विलक्षण. हिमाला थंड भुई लागते; गारेला तापलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये, माघ सरता सरता आणि फाल्गुनात, मराठवाड्याची जमीन तापू लागते. उत्तरेकडून सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे वरची हवा थंड पडलेली असते, समुद्रावरून ओल येऊन मिळते, आणि दुपारनंतर ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत चढतो. जमिनीवरचा तप्त झोत थेंबांना शून्याच्या पातळीच्या वर उचलतो, ते गोठतात, वर-खाली हेलपाटे घेत एकावर एक पापुद्रे चढवतात, आणि झोताला वजन पेलवेनासे झाले की खाली सुटतात. म्हणजे आमच्या वाट्याचा बर्फ उन्हाने घडवलेला असतो. जपानी कवींना हे कळले होते असे दिसते. त्यांच्या ऋतुशब्दांच्या कोशांत हिवाळी बारीक गारेला एक शब्द आहे आणि उन्हाळी मोठ्या गारेला दुसरा. पहिला हिवाळ्याच्या प्रकरणात, दुसरा उन्हाळ्याच्या. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्याचे आम्ही कौतुकही पुष्कळ केले; हा ऋतुशब्दांचा कोश मात्र आमच्याकडे कोणाला करावासा वाटला नाही.

२०१४ साल मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट होत राहिली. एक दिवस नव्हे, दिवसामागून दिवस. गहू, हरभरा, ज्वारी काढणीला आलेली. ५ मार्चला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि मदतीसाठी निवडणूक आयोगाची परवानगी मागण्याची वेळ सरकारवर आली. पुन्हा ११ फेब्रुवारी २०१८ ला जालन्याकडे गारांनी माणसे दगावली. गारेने माणूस मरतो हे शहरातल्या वाचकाला अतिशयोक्त वाटते, म्हणून सांगतो: ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशात मुरादाबादेजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक हवामान संघटनेने गारपिटीच्या मृत्यूंचा जागतिक उच्चांक म्हणून २०१७ मध्ये नोंद केली ती याच घटनेची. जगातला हा विक्रम हिमालयातल्या बर्फाचा नव्हे, मैदानातल्या, उन्हाळ्याच्या तोंडच्या गारेचा आहे.

२०१४ च्या मार्चमधील ती पांढरी शिवारे आम्ही पाहिली आहेत. रस्त्याच्या कडेला मोटारसायकली उभ्या करून लोक छायाचित्रे काढीत होते. पुढे मोबाइल घरोघरी झाले तशी ती छायाचित्रे प्रत्येक गारपिटीनंतर गावभर फिरू लागली, आणि त्यांच्याखालचे शब्द ठरलेले: 'आमच्याकडे काश्मीर', 'काश्मीर नव्हे, हे मराठवाडा'. हे शब्द लिहिणारे दुष्ट नव्हते. त्यांतले पुष्कळसे शेतकऱ्यांचीच मुले होती. पांढऱ्या झालेल्या भुईला काय म्हणावे, हे त्यांना आम्ही शिकवले नव्हते. म्हणून सिनेमाने शिकवलेला एकमेव शब्द त्यांनी वापरला. आमच्या मनातला बर्फ गाण्याच्या चित्रीकरणातून आलेला. त्यात नायिका असते, शाल असते, शेत नसते.

आणि गंमत अशी, की त्या 'काश्मीर'मध्ये काश्मीरदेखील नाही. काश्मिरी माणसाचा बर्फ तिथिवार येणारा. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, चिल्लई कलां, या काळात पडेल ते धन. तेच पुढे उन्हाळाभर झरे आणि नद्या चालवते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडे राहिले तेव्हा पर्यटकांची निराशा झाली, पण खरी धास्ती पाण्याची होती. उलट २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, झाडांवर पाने आणि काही ठिकाणी फळेही असताना बर्फ आला आणि सफरचंदाच्या फांद्या भाराने मोडून पडल्या. सोपोर-शोपियांच्या त्या बागवानाने आपल्या बागेकडे पाहून 'वा, काश्मीर!' म्हटले नसेल. त्याला आमच्या वसमतच्या हळदवाल्याचे दुःख एका वाक्यात समजले असते. अवेळी आलेला बर्फ आणि अवकाळी आलेली गार ही सख्खी भावंडे. आमच्या उपमेने मात्र नाते जोडले ते बागवानाशी नव्हे, पर्यटकाशी. उपमा चुकली की माणसे कशी दुरावतात याचे याहून चांगले उदाहरण अलंकारशास्त्राच्या तासाला देता येणार नाही.

यावर उपाय म्हणून वर्तमानपत्रे दुसरे टोक गाठतात. तेथे गारपीट नेहमी 'झोडपते', पिके नेहमी 'भुईसपाट' होतात आणि घास नेहमी 'हातातोंडाशी आलेला' असतो. हा घास पहिल्यांदा ज्याने लिहिला त्याला आम्ही दंडवत घालू. पण आता तो वाचताना कोणाचाही हात किंवा तोंड दिसत नाही. 'काश्मीर' जसे डोळ्यांवर झापड बांधते, तसेच हेही. एकात शेत नाही, दुसऱ्यात गार नाही. मग गारेविषयीचे नेमके, तपशिलाचे, स्थळकाळ सांगणारे मराठी गद्य लिहिले कोणी? आमचे उत्तर ऐकून समीक्षक हसतील: तलाठ्याने. गारपिटीवरचे आमचे मुख्य वाङ्मय म्हणजे पंचनामा. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी. त्या टक्केवारीवर सारे कथानक उभे असते. २०१५ पर्यंत पन्नास टक्क्यांच्या आतले दुःख सरकारी मदतीच्या हिशेबात दुःख नव्हते, त्या वर्षी ती मर्यादा तेहेतीसवर आली. पुढे पीकविम्यात गारपिटीची गणना स्थानिक आपत्तीत झाली आणि बहात्तर तासांच्या आत ती कळवावी लागे, अनेकदा मोबाइलवरून, छायाचित्रासह. म्हणजे पाहा: त्याच शिवाराचे, त्याच दुपारचे, कदाचित एकाच बांधावर उभे राहून काढलेले छायाचित्र रस्त्यावरच्या माणसाच्या हातात 'काश्मीर' होते आणि शेतकऱ्याच्या हातात पुरावा. या दोन चित्रांच्या मधल्या अंतरात एक कादंबरी आहे असे आम्ही बरेच दिवस म्हणत आलो. लिहिणारा भेटला की कळवूच.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या चहाच्या टपरीवर आलाही. बँकवाले म्हणाले, "सुंदर ते सुंदर. पांढरे शिवार सुंदर दिसले तर काय डोळे मिटून घ्यायचे?" आक्षेप खरा आहे. आम्हीही मोटारसायकल थांबवली होती. उन्हाची तिरीप आलेली, लिंबाची पाने खाली सडा पडल्यासारखी, हवेत कापलेल्या ओल्या गवताचा वास, आणि पांढऱ्यावर पडलेल्या ढगाच्या सावल्या. हे सुंदर नव्हते असे म्हटले तर ते खोटे बोलणे होईल, आणि साहित्याच्या शिक्षकाने सुंदराविषयी खोटे बोलू नये. आमची तक्रार सौंदर्याविषयी नाही. ते उसने घेतल्याविषयी आहे. जे आपल्या भुईवर पडले ते आपल्या शब्दांत सुंदर आणि आपल्या शब्दांत भयंकर असायला हवे, एकाच वाक्यात. आणि शब्द नाहीत असेही नाही. गार किती मोठी होती असे खेड्यात विचारा. उत्तर मिलिमीटरमध्ये येत नाही. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी. मापे सारी शिवारातली, आणि बहुधा त्याच दिवशी त्याच गारेने झडलेली. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे; केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. अणूच्याही अंशाहून सूक्ष्म थरथर तेथे मोजली जाईल. ते व्हावेच. पण बोराएवढी गार आणि लिंबाएवढी गार यांतला फरक ज्याला संसाराच्या हिशेबात कळतो, त्याची मोजणीही कोणी लिहून ठेवावी.

लिहून ठेवण्याचा एक प्रयत्न आम्ही केला आणि त्यात आमचीच फजिती झाली, ती सांगणे भाग आहे. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी आम्ही द्वितीय वर्षाच्या मुलांना 'गारा' हा विषय दिला. अपेक्षेप्रमाणे अर्ध्यांनी लहानपणच्या गारा वेचल्या: परकराच्या ओच्यात, टोपीत, तोंडात टाकून गार गार. मराठी बालपणाची ही एक ठरलेली वेचणी आहे आणि ती खोटीही नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी हातातोंडाशी आलेला घास आणला. सेनगाव तालुक्यातल्या एका मुलीने मात्र जेमतेम दीड पान लिहिले होते. शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर मार्चमध्ये गारा पडल्या, त्या दिवसाचे. तिच्या एका वाक्याखाली आम्ही लाल शाईने रेघ ओढली आणि समासात 'विसंगत' असा शेरा मारला. वाक्य होते, गारा थांबल्यावर आई, आजी आणि आम्ही सगळ्यांनी मिळून गारा वेचल्या. आम्हांस वाटले, पोरीने बालपणाचा परिच्छेद चुकून येथे घातला. संकटात सापडलेले घर गारा वेचीत कसे बसेल?

वही परत देताना ती टेबलापाशी थांबली. "सर, हे बरोबर आहे," म्हणाली. मग तिने सांगितले. हळद शिजवल्यावर ती चांगली दोन आठवडे उन्हात वाळवावी लागते. ताडपत्री अर्ध्या ढिगावरच ओढता आली. उरलेली हळद उघडी होती आणि तिच्यावर गारांचा थर. गार पडते तेव्हा कोरडी असते, नुकसान ती वितळल्यावर होते. पाणी मुरले की हळकुंड आतून काळे पडते, बुरशी धरते, रंग उतरतो, आणि वसमतच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून आधी रंग पाहतो. फावडे लावावे तर हळदीसकट ओढले जाते. म्हणून सगळे उकिडवे बसले आणि ऊन यायच्या आत हाताने गारा वेचून घमेल्यात टाकू लागले. आजीची बोटे बधिर झाली, ती मधूनमधून काखेत घालून ऊब घ्यायची आणि पुन्हा वेचायची. धाकटा भाऊ चार वर्षांचा. तो वेचता वेचता एखादी तोंडात टाकी. कोणी त्याला रागे भरले नाही.

"किती वेचल्या?" आम्ही विचारले, काहीतरी विचारायचे म्हणून.

"अकरा घमेली, सर. मग ऊन आलं."